पट्टीच्या खोलीचं कुलूप

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले, तेही निपाणीकडच्या खेड्यात, जिथे एकच गुरुजी चारी वर्ग शिकवायचे आणि पावसाळ्यात शाळा देवळात भरायची. आता जोडाक्षर लिहायचं झालं की आधी हवेत बोट फिरवून बघते. कोणी हे वाचलंच तर चुकांबद्दल माफ करावं. पण वाचणारं कोणी नाही. आमच्या घरात मराठी सगळे बोलतात, वाचता मला एकटीला येतं. ह्यांची शाळा कन्नड. मुलगी हुबळीला दिली, तिची मुलं कन्नड आणि इंग्रजी वाचतात. म्हणून तर लिहायला धीर होतो. बोलताना समोरचं माणूस तोंडाकडे बघत राहतं. कागद तसा बघत नाही.

हे म्हणजे माझे यजमान. ह्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. चार माणसांत घेतलं ते आयुष्यात दोनदा. पहिल्यांदा लग्नात, तेही इतक्या हळू की नणंदेने कान तोंडाशी आणला होता. दुसऱ्यांदा घेतलं ते निवडणुकीच्या वर्षी, आणि त्याचंच लिहायला बसले आहे.

आमची गल्ली बेंगळुरात, बसवनगुडीत, बाजाराच्या मागच्या अंगाला. ह्यांचे वाडवडील फौजेबरोबर तंबू शिवायला आले आणि इथेच राहिले असं सासरे सांगायचे. खरं असेल. गल्लीतली बरीच मराठी घरं आपापल्या पूर्वजांबद्दल असंच काही सांगतात. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, स्वल्प थांब, आणि मला वाटलं स्वल्प हे कोणाचं तरी नाव आहे. स्वल्प म्हणजे कन्नडात थोडं, आता मीच दिवसातून दहा वेळा म्हणते.

पुढच्या खोलीत ह्यांची शिवणाची मशीन आहे, पायाने चालवायची. हे बायकांचे ब्लाउज शिवतात. मशीनला मोटर बसवून घ्या म्हणून मुलगी कितीदा म्हणाली. हे म्हणतात, मोटर तिच्या मनाने पळते, पाय माझ्या मनाने चालतो. मी दारात बसून साड्यांना कुच्चू बांधते. रेशमी साडीच्या पदराला शेवटी रंगीत गोंडे असतात, त्यांना इथे कुच्चू म्हणतात. दुकानदार साड्या आणून देतो, मी बांधून ठेवते, पैसे साडीमागे. हातांना काम आणि तोंडाला सुट्टी, असा धंदा माझ्यासारखीला बरा.

निवडणुकीच्या आदल्या वर्षी दसऱ्याच्या आधी ह्यांना नवी चप्पल चावली. शुगर जुनी, त्यामुळे पायाला काही कळत नाही. सणाचे ब्लाउज तुंबले होते, त्यात हे तसेच मशीन चालवत राहिले. एक दिवस मी खाली झाडायला वाकले तर पायडलवर ओला डाग दिसला. पाय बघू म्हटलं तर म्हणाले, चावली आहे, चप्पल आहे, कुत्रं नाही. दिवाळी झाली आणि पायाला वास यायला लागला.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथे करंगळी आणि तिच्या मागचं सडलेलं मांस काढून टाकलं. आरोग्याचं कार्ड होतं, त्यावर सगळं झालं. राहणं, ऑपरेशन, औषधं, एक रुपया लागला नाही. जे मिळालं ते मिळालं असं लिहिलं पाहिजे. घरी परत येताना रिक्षात हे म्हणाले, "सरकारने तुम्हां बायकांना बस फुकट दिली, मला बोट कापणं फुकट दिलं. आता कोणाची तक्रार नको." मी हसले नाही. रिक्षावाला हसला.

पण जखम उघडी होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की एक दिवसाआड पट्टी झाली पाहिजे, महिनोन् महिने, खंड नको. खंड पडला तर पुढच्या वेळी घोट्याच्या वर कापावं लागेल. ती पट्टी कार्डावर होईल का, हे मला विचारायचं होतं. हॉस्पिटलच्या खिडकीपाशी उभी राहिले आणि शब्द फुटेना. शेवटी ह्यांनीच विचारलं. खिडकीतला माणूस चांगला होता, त्याने नीट समजावलं. कार्ड भरती झालेल्यांसाठी आहे. भरती व्हा, कार्ड चालेल. घरून येऊन पट्टी बांधून घ्यायची तर ते त्यात बसत नाही. पट्टी इथे फुकटच बांधतात, पण त्याला रांग आहे.

"म्हणजे पाय कापायला कार्ड चालतं, वाचवायला चालत नाही," हे म्हणाले.

तो माणूस आधी हसला, मग त्याने ह्यांच्या पायाकडे बघितलं.

त्या रांगेत पूर्ण दिवस जायचा. शिवाय हॉस्पिटल लांब. मला बस फुकट, पण ह्यांना त्या पायाने बस चढता येत नव्हती आणि रिक्षाला जाऊन-येऊन होतं तेवढे पैसे मी दिवसभर कुच्चू बांधून कमवत नाही. आणि सगळ्यात वाईट वाटायचं ते हे, की आमच्या गल्लीच्या टोकालाच सरकारचा छोटा दवाखाना आहे. नवा रंग, निळ्या खुर्च्या, सकाळी एक डॉक्टरीणबाई बसतात. शुगरच्या गोळ्या तिथेच मिळतात. आत पट्टी बांधायची खोलीसुद्धा आहे. पण पट्टी बांधणाऱ्या सिस्टरचं कंत्राट संपलं, ती गेली, दुसरी आली नाही. खोलीला कुलूप. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, मी एकटी पेशंट बघू, कॉम्प्युटरमध्ये भरू, की पट्ट्या बांधू? ते खरंच होतं. कुलूप पितळेचं, नवं. मी रोज दूध आणायला जाताना बघायची.

मग शेजारच्या रस्त्यावरच्या खाजगी नर्सिंग होममध्ये पट्टी सुरू केली. एका वेळेचे तीनशे. मशीन बंद. घरातल्या बाईच्या खात्यावर सरकार महिन्याला पैसे घालतं, ते आले की पंधरवड्यात पट्टीलाच जायचे.

अशात अक्का आल्या. अक्का आमच्या समोर राहतात. नात्याने कोणी नाहीत, पण गल्ली त्यांना अक्काच म्हणते. पूर्वी एका कारखान्यात कामाला होत्या, युनियनमध्ये भांडून भांडून आवाज मोठा झालेला. आता एका पक्षाचं काम करतात. कोणाचं रेशनकार्ड अडलं, कोणाचं म्हाताऱ्यांचं पेन्शन अडलं, की अक्का. त्या आत आल्या, ह्यांच्या पायाकडे बघितलं, चहा घेतला, दुसरंच काहीतरी बोलल्या. जाताना मला दारापाशी ब्लाउजपीस दिला, म्हणाल्या शिवून ठेव. उघडला तर आत वीस हजार रुपये. मी मागितले नव्हते. मला मागता आलेही नसते, आणि ते त्यांना माहीत होतं.

त्या पैशांवर हिवाळा निघाला. पण तेव्हापासून अक्का समोरून आल्या की माझी मान खाली जायला लागली. त्यांनी कधी एका शब्दाने काही सुचवलं नाही. तरी उपकार कसा असतो, तो देणाऱ्याला हलका आणि घेणाऱ्याला जड. अक्कांच्या पक्षाचा मोर्चा असला की त्या हाक मारायच्या आधीच मी चपला घालून उभी.

निवडणूक जवळ आली तशी गल्लीत भोंगे लावलेल्या रिक्षा फिरू लागल्या. तिन्ही पक्षांचे लोक घरोघर यायचे, आणि नवल म्हणजे सगळे आरोग्यावरच बोलायचे. एकाने सांगितलं, आम्ही कार्ड दिलं. दुसऱ्याने सांगितलं, कार्ड आमचंच होतं, त्यांनी नुसता फोटो बदलला. तिसऱ्याने कागदच दाखवला, त्यावर काचेचं मोठं हॉस्पिटल काढलेलं, समोर कारंजं. हे उशीवर पाय ठेवून ऐकायचे. ते गेले की म्हणायचे, "एवढी हॉस्पिटलं झाली तर बेंगळुरात रोगी पुरणार नाहीत, बाहेरून आणावे लागतील. आणि आणले तरी पट्टी कोण बांधणार?"

किराणा दुकानात एक गृहस्थ कोणाला तरी सांगत होते, की बायकांना फुकट पैसे, फुकट बस देऊन सरकारने देश बिघडवला, आता कोणी काम करत नाही. मी मागेच उभी होते. माझ्या बटव्यात तेच पैसे होते, त्या दिवशीच्या पट्टीचे. बोटांना कुच्चूचा लाल रंग लागलेला होता. मला काही म्हणायचं होतं की नाही, आता आठवत नाही. मी तूरडाळ घेऊन आले.

संक्रांतीला अक्कांकडे हळदीकुंकू होतं. दर वर्षी असतं. पण ह्या वर्षी अक्कांच्या पक्षातर्फे उभ्या राहणाऱ्या बाई येणार होत्या. अजून निवडणूक जाहीर झालेली नव्हती, म्हणून वाण वाटायला हरकत नव्हती. वाण म्हणजे स्टीलचा डबा, झाकणावर बाईंचा फोटो चिकटवलेला. अक्का स्वतः सांगायला आल्या. येशील ना गं, चटई भरलेली दिसली पाहिजे.

हे म्हणाले, "जा. डबा घेऊन ये. पट्टीचं सामान ठेवायला होईल."

मी दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ बसले. ती माझी नेहमीची जागा. बाई आल्या. मला वाटलं होतं तशा नव्हत्या. खुर्ची ठेवली होती, त्या खाली चटईवर बसल्या. टाचांना भेगा होत्या, चालून चालून पडलेल्या. कन्नडात बोलल्या. म्हणाल्या, बायकांचं आरोग्य हाच माझा विषय, मी मोठं हॉस्पिटल आणीन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एळ्ळु-बेल्ल वाटलं, म्हणजे आपला तिळगूळच, पण सुटा, खोबऱ्याचे काप घालून.

मग कोणीतरी म्हणालं, उखाणे होऊ देत. अक्कांनी बाईंना कन्नडात समजावलं, की आमच्यात नवऱ्याचं नाव असं तसं घेत नाहीत, कवितेत गुंफून घेतात. बाईंना मौज वाटली. एक एक जण घेऊ लागली. आयटी कंपनीतली एक सून मोबाइल बघून वाचायला लागली तर सगळ्यांनी ओरडून तिचा मोबाइल काढून घेतला. तिने जागच्या जागी म्हटलं, "एळ्ळु-बेल्ल खाल्लं, तोंड झालं गोड," आणि नवऱ्याचं नाव घेऊन, "रावांना सुटत नाही मोबाइलची खोड." खूप हसलो.

मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी मान हलवली.

"तिला सोडा," मागून कोणी म्हणालं, "ती आरतीसुद्धा मनातच म्हणते."

"घे गं," अक्का म्हणाल्या. "आजी झालीस, आता कसली लाज?"

कुच्चू बांधताना माझ्या मनात नेहमी काहीतरी जुळत असतं. आईच्या जात्यावरच्या ओव्यांची सवय असेल. गाठीबरोबर शब्द येतात, धागा कापला की विसरतात. पण त्या आठवड्यात एक जुळलेलं विसरलंच नव्हतं, कारण रोज सकाळी ते कुलूप बघत होते. मी उभी राहिले ते दुसरा एखादा, साधा, सगळ्यांना पाठ असतो तो उखाणा म्हणायला. तोंड उघडलं आणि हाच आला.

"गल्लीत आमच्या दवाखाना, पट्टीच्या खोलीला कुलूप,
निरांजनात वात आहे, पण वातीला नाही तूप.
पट्टी बांधायला सिस्टर द्या, एवढंच मागते आज,
अमुकरावांचं नाव घेते, सोडून सगळी लाज."

अमुकराव मी आता लिहिते आहे. तेव्हा नाव घेतलं, पुरतं, मोठ्याने.

मग एकीने हसून टाळी वाजवली, तिला वाटलं थट्टा आहे. खिडकीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, बरोबर बोलली, माझी पण पट्टी राहिली आहे. बाई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी अक्कांना विचारलं, ही काय म्हणाली?

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे वळून कन्नडात म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव घेतलं. तुमच्या विजयाचा दिवा लागू दे म्हणाली."

मला कन्नड बोलायला अडखळतं, समजतं मात्र सगळं. तिथल्या प्रत्येकीला समजत होतं. मागे कोणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. बाई उठून माझ्याकडे आल्या, त्यांनी स्वतःच्या हाताने मला कुंकू लावलं, माझे हात हातात घेतले आणि डबा दिला. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

घरी आले. ह्यांनी डबा उलटासुलटा करून बघितला.

"नाव घेतलंस का?"

"घेतलं."

"कसं घेतलंस?"

मी सांगितलं नाही. पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले. अक्का खोटं बोलल्या ह्याचं मला दुःख नव्हतं. मला भीती वाटत होती. ज्या बाईने न मागता वीस हजार दिले, तिच्याच घरात, तिच्याच पाहुण्यांसमोर मी तिला अडचणीत टाकलं. आता त्या काय म्हणतील? काही म्हणणार नाहीत, हेच जास्त वाईट.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडून कुच्चूचे आले होते तेवढे पैसे रुमालात बांधले आणि दुपारी अक्कांकडे गेले. त्या जमिनीवर अवरेकाईच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. घरभर त्या शेंगांचा वास. मी रुमाल पुढे ठेवला.

"काय ते?"

"पैसे. आहेत तेवढे."

"मी मागितले?"

"नाही."

"मग उचल. आणि बस, शेंगा सोल."

मी सोलायला लागले. अक्कांनी मूठभर दाणे पातेल्यात टाकले. मग म्हणाल्या, "काल मी खोटं सांगितलं म्हणून रागावलीस."

"मी कशी रागावेन, अक्का? तुमचे पैसे आहेत माझ्याकडे."

"पैसे असले म्हणून राग यायचा थांबतो होय? थांबू देऊ नकोस. वाईट सवय लागते." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "हे बघ. चार बायकांत बोललं की ह्या लोकांना वाटतं, विरोधकांनी पढवून पाठवली. हसतात, हात जोडतात, आणि विसरतात. म्हणून तिथे नाही बोलले. गाडीपाशी बोलले. सगळं सांगितलं. तुपाचं पण."

"तुपाचं पण?"

"कन्नडात नीट बसत नाही ते. पण सांगितलं."

"मग काय म्हणाल्या?"

"सरी, नोडोण म्हणाल्या. बघू या." अक्का हसल्या. "तीस वर्षं युनियनमध्ये होते. नोडोण म्हणजे नाही, एवढं मला कळतं. म्हणून गाडीचं दार लावू दिलं नाही, धरून उभी राहिले. ड्रायव्हर चिडला. बोटं चेमटली असती तर तुझ्या नवऱ्याशेजारी पट्टीला बसले असते."

मी शेंगा सोलत राहिले, कारण वर बघितलं असतं तर रडले असते. उठताना अक्कांनी रुमाल माझ्या हातात दिला आणि वर पिशवीभर दाणे. म्हणाल्या, पाय बरा झाला की पैसे दे. आधी दिलेस तर घेणार नाही.

त्यानंतर काही दिवसांनी कुलूप निघालं. सिस्टर आली. तिच्या आधी बाईंची माणसं आली, फुलांची माळ लावली, व्हिडिओ काढला. पट्टी बांधून घेणारा पहिला पेशंट म्हणून ह्यांना बसवलं. त्यांच्यातला एक मुलगा कॅमेरा तोंडाजवळ न्यायला लागला तर हे म्हणाले, "तोंड कशाला? पाय घ्या. दाखवण्यासारखा तोच आहे."

सिस्टर कोलारकडची, बारीक चणीची, बोलायला सरळ. तिने पहिल्याच आठवड्यात मला सांगून टाकलं, अम्मा, मी दुसऱ्या दवाखान्यातून उसनी आले आहे, निवडणुकीपर्यंत. पुढचं माहीत नाही. तुम्ही शिकून घ्या. मी म्हटलं मला जमणार नाही. तिने माझी बोटं बघितली, रंग लागलेली, आणि विचारलं काय करता. कुच्चू म्हटल्यावर हसली. मग तिने शिकवलं. हात कसे धुवायचे, मिठाच्या पाण्याच्या बाटलीने जखम कशी धुवायची, घासायचं नाही, टिपायचं, आतून बाहेर यायचं. लाल रंग चांगला, पिवळा वाईट, काळा दिसला की सरळ हॉस्पिटल. सगळं जमलं, बांधणं तेवढं जमेना. कुच्चूची गाठ घट्ट लागते, नाहीतर धुण्यात सुटते. पट्टी सैल लागते, नाहीतर रक्त अडतं. माझे हात घट्ट ओढायला शिकलेले. हे म्हणायचे, "पाय आहे, पदर नाही." सैल बांधायला मला आयुष्यात पहिल्यांदा शिकावं लागलं.

निवडणूक झाली. बाई पडल्या. अक्का दोन दिवस दारात दिसल्या नाहीत. सिस्टरने सांगितलं होतं तसंच झालं, ती परत गेली आणि खोलीला पुन्हा तेच पितळी कुलूप लागलं. ह्यांची जखम तोवर चवलीच्या नाण्याएवढी राहिली होती आणि मला पट्टी येत होती, तेव्हा आमचं भागलं असतं. पण त्या म्हाताऱ्या काकूंचं भागणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी अक्का पदर खोचून निघाल्या. जिंकलेल्या पक्षाच्या माणसाच्या दारात. आयुष्यभर ज्यांच्या विरोधात घोषणा दिल्या त्यांच्याकडे. मी कुच्चू खाली ठेवला, चपला घातल्या आणि मागून गेले. अक्कांनी वळून बघितलं आणि चाल हळू केली.

तिथे आम्हांला बराच वेळ उभं ठेवलं. एक पोरगेला माणूस हसून म्हणाला, काय अक्का, पक्ष बदलला? अक्का म्हणाल्या, "पक्ष तोच आहे. पाय पण तेच आहेत, पट्टी लागते." मी काही बोलले नाही. पण ह्या वेळी मागे नव्हते, बाजूला उभी होते. त्यानंतर बऱ्याच खेपा झाल्या. आता सिस्टर आठवड्यातून दोन दिवस येते. पूर्ण आठवडा नाही. अक्का म्हणतात पुढची निवडणूक येऊ दे, उरलेले दिवस मागू. आणि मला म्हणतात, तू उखाणा तयार ठेव.

ह्यांची जखम श्रावणात मिटली. वरमहालक्ष्मीच्या सणाआधी, म्हणजे इथे साड्या-ब्लाउजांचा हंगाम, त्या वेळी. नवी कातडी गुलाबी, लहान मुलाच्या पायासारखी. मी पहिल्यांदा पट्टीशिवाय पाय पुसला तेव्हा हे म्हणाले, "आता सांग, नाव कसं घेतलंस ते." मी पाय पुसत पुसत हळूच म्हटलं, चारी ओळी. हे उठून मशीनवर बसले, कापड नव्हतं, सुई रिकामीच, आणि नुसतंच पायडल चालवून बघितलं. तो आवाज घरात कितीतरी महिन्यांनी आला. सगळ्यात पहिला शिवला तो अक्कांचा ब्लाउजपीस, ज्यात पैसे गुंडाळून आले होते.

मग पैसे द्यायला लागले. पाय बरा झाला होता, आता अक्कांना नाही म्हणता येईना. सरकारचे महिन्याचे आले की त्यातले, कुच्चूचे आले की त्यातले, ह्यांचे शिवणाचे. अक्का घ्यायच्या, न मोजता डाळीच्या डब्यामागे ठेवायच्या. दसऱ्याला शेवटचे राहिले. मी पदर सावरून निघाले तर हे म्हणाले, "थांब. आज मी देऊन येतो."

समोरच तर घर. गल्ली ओलांडायची आणि अक्कांच्या तीन पायऱ्या. मी दारात बसून बघत राहिले, हातातला धागा तसाच. स्वल्प लंगडतात, तेवढं राहणार. पायऱ्यांपाशी थांबले, कठड्याला धरलं, चढले. दार उघडलं. अक्कांचा आवाज आला, काय म्हणाल्या ते कळलं नाही.

परत आले तेव्हा विचारलं, मोजले का?

"नाही. आधी चप्पल काढायला लावली. चष्मा लावून पाय बघितला, वरून, खालून. मग पैसे घेतले."

"आणि काय म्हणाल्या?"

"फिटले, म्हणाल्या."